न तडतडणारी मोहरी

ब्रिस्टल,
१७ फेब्रुवारी २००८

अहो,

पत्र बघून दचकू नका, वरदा आणि बाळ दोघी ठणठणीत आहेत. काळजी आहे ती एजवेअरला एकटं ठेवून आलेल्या आजोबांची, म्हणून लिहायला बसले. फोन करायची इथे सोय नाही. आपल्या लेकीने घरातल्या फोनची घंटा बंद करून ठेवली आहे आणि जावई पुष्कर स्वतःच्या घरात पायमोज्यांवर चालतो. बाळ झोपलेलं असताना आवाज नको, असं त्यांच्या पुस्तकात आहे. आणि बाळ झोपलेलंच असतं. मी फोन करायचा म्हटलं तर तुम्हाला ओरडून सांगावं लागतं, ते शेजारच्या घरातही ऐकू जातं. पुष्करने मला मोबाइलवर मेसेज लिहायला शिकवलं, पण ‘वरणात मीठ घाला’ हा माझा पहिला मेसेज त्याच्या बॉसला गेला. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आता कामाचं. तेरडा पेरायला घ्या. इथल्या थंडीत बाहेर टाकलं तर बी कुजतं, म्हणून दर वर्षी मी घरात लावते आणि मे संपता संपता बागेत नेते, हे तुम्ही पेपरच्या आडून पाहिलं असेलच. गौरी तेरड्याच्याच हव्यात, मुळासकट आणायच्या आणि त्यांनाच साडी नेसवायची, ही तुमच्या घरची रीत. बी मात्र माझ्या माहेरचं. आईने जाण्याआधी पाठवलेली ही शेवटची पुडी आहे. पेणच्या त्या अंगणात आता लोकांच्या गाड्या उभ्या राहतात, तेव्हा संपलं तर पुन्हा मागवायला कुणी नाही. एवढं लक्षात ठेवा, बाकी चुकलं तरी चालेल.

बी फ्रिजवर आईस्क्रीमच्या डब्यात आहे. ट्रेमध्ये कंपोस्ट भरा, बी भुरभुरवा, वर पातळ माती घाला आणि पाणी शिंपडून क्लिंगफिल्म लावा. ट्रे मागच्या बेडरूममध्ये रेडिएटरजवळ ठेवा. उगवलं की खिडकीत. सगळं पेरू नका, निम्मं मागे ठेवा.

तुमची,
श्यामला

एजवेअर,
२४ फेब्रुवारी २००८

प्रिय श्यामला,

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि मंगळवारीच दुपारी केस घेतली. एवढ्या सूचनांची खरं म्हणजे गरज नव्हती. उभा जन्म मी माणसांचे खुबे बदलले, आणि ते आज लंडनभर जिने चढताहेत. मातीत बी टाकणं हे त्या मानाने ज्युनिअर डॉक्टरचं काम आहे. पण तुझ्या पद्धतीत स्वच्छता नावाची गोष्ट नव्हती असं माझं मत झालं. मी ट्रे जंतुनाशकाने धुतले, कंपोस्ट ओव्हनमध्ये भाजून घेतलं आणि ग्लव्ह्ज घालून पेरणी केली. घरात जरा वास आहे, तो जाईल.

फ्रिजवर आईस्क्रीमचे दोन डबे होते आणि दोन्हींत आईस्क्रीम नव्हतं. या घरात आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम मी आजवर पाहिलेलं नाही. असो. पहिल्याच डब्यात बी मिळालं.

आता बातमी ऐक. शुक्रवारी सकाळी ट्रे हिरवागार. तिसऱ्याच दिवशी! लायब्ररीतून बागकामाचं पुस्तक आणलं आहे, त्यात तेरड्याला दहा-बारा दिवस लागतात म्हटलंय. लेखकाने कंपोस्ट भाजलं नसावं. मी सकाळ-संध्याकाळ राउंड घेतो आणि प्रत्येक ट्रेजवळ चार्ट लावला आहे.

माझ्या जेवणाची चिंता करू नकोस, वरण-भात जमतो. मिसळणाच्या डब्यातली मोहरी संपली होती, ती दुसऱ्या डब्यातून भरून ठेवली. भरताना थोडी सांडली. काही खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत गेली, बाकीची व्हॅक्यूम केली. एक तक्रार मात्र आहे. ही मोहरी तडतडत नाही. तेलात टाकली की बसून राहते आणि मग काळी पडते. चवही कडवट. कुठल्या दुकानातून आणलीस?

तुझा,
श्रीकांत

ब्रिस्टल,
२७ फेब्रुवारी २००८

अहो,

तिसऱ्या दिवशी उगवलं हे वाचून मला खरंच भरून आलं. वरदालाही वाचून दाखवलं, कुजबुजत. माझ्या हातून कधी इतक्या लवकर उगवलं नव्हतं. आईलाच घाई झाली असेल पणतीला बघायची, असं मनात आलं. तुमच्या भाजलेल्या मातीला श्रेय द्यायचं असेल तर तुम्ही द्या.

मोहरी चांगली आहे, इल्फर्डहून जानेवारीतच आणली होती. तुम्ही तेल तापायच्या आत घालत असणार. तेलातून धूर निघेपर्यंत धीर धरा. ऑपरेशनला धरत होतात ना, तेवढाच धरा. आणि तुळशीची कुंडी स्वच्छ ठेवा, बिचारी दोन पानांवर हिवाळा काढते आहे. तिच्यात भलतंसलतं उगवू देऊ नका.

इथलं काय सांगू. बाळाच्या खोलीत थर्मामीटर आहे. एक डिग्री वर गेली की एक पांघरूण काढायचं, असा तक्ता दारावर चिकटवलाय. मी केलेले डिंकाचे लाडू वरदाने खाल्ले नाहीत, दुधातून बाळाला ॲलर्जी होईल म्हणे. ते पुष्कर खातो. त्याचं बाळंतपण उत्तम चाललं आहे. बारसं झालं, नाव कस्तुरी ठेवलं. पाळणा म्हणायला मी तोंड उघडलं तर वरदाने ओठांवर बोट ठेवलं. बाळ झोपलं होतं ना.

रोपं दाट झाली असतील तर विरळ करा. मरतुकडी काढून टाका, धट्टीकट्टी ठेवा.

श्यामला

एजवेअर,
१६ मार्च २००८

प्रिय श्यामला,

धट्टीकट्टी ठेवा म्हणतेस, पण सगळीच धट्टीकट्टी आहेत. मरतुकडं एकही नाही. मी पेशंट फेकून देणाऱ्यांतला नाही, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र कप दिला आहे. दह्याचे डबे संपल्यावर आपल्या मराठी मंडळाच्या कपाटातले चहाचे पेपर कप आणले. मागची बेडरूम भरली, मग वरदाची जुनी खोली भरली, आणि आता जिन्यावर एका अंगाने चढावं लागतं. सकाळी राउंडला दोन तास जातात. रिटायर झाल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं, हे तुला म्हणून सांगतो.

मंडळाचा अध्यक्ष हरीश परवा आला होता, तो ही रांग बघून थक्क झाला. त्याच्याच डोक्यातून कल्पना निघाली. पाडव्याच्या कार्यक्रमात प्रत्येक कुटुंबाला एक रोप द्यायचं, ‘पेणच्या आजींचा तेरडा’ म्हणून. म्हणजे सप्टेंबरात सगळ्या उत्तर लंडनच्या गौरी तुझ्या आईच्या बियांच्या असतील. मी थोडं भाषणही करणार आहे.

तुळशीत तू म्हणालीस तसं तण येतंच. तांबूस, पाणीदार देठाचं काहीतरी आहे, खसकन उपटलं जातं. रोज सकाळी राउंडमध्येच काढून टाकतो, तू निश्चिंत राहा. तेल धुरावेपर्यंत तापवलं. स्मोक अलार्म वाजला, मोहरी मात्र वाजली नाही.

श्रीकांत

ब्रिस्टल,
२० मार्च २००८

अहो,

आईची रोपं गावभर वाटायची, आणि विचारायचं कुणाला, तर हरीशला. मला आनंद झाला नाही असं नाही. आईला किती बरं वाटलं असतं, पेणच्या बाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. पण नीनाला रोप देऊ नका. अध्यक्षांची बायको असली म्हणून काय झालं? गेल्या वर्षी आपल्या गौरींना बघून म्हणाली होती, ‘रत्नागिरीला आमच्याकडे याहून उंच असतात.’ मी हळदीकुंकवाचं ताट हातात होतं म्हणून गप्प बसले. तिला दिलंत तर तो तेरडा रत्नागिरीचा व्हायला वेळ लागणार नाही.

आणि चांगली वीस रोपं घरी ठेवा. भाषणात खुब्यांचा विषय काढू नका.

श्यामला

एजवेअर,
८ एप्रिल २००८

प्रिय श्यामला,

पाडवा दणक्यात झाला. पाडवा रविवारी की सोमवारी यावर कमिटीत दोन आठवडे वाद चालला होता. हॉल रविवारीच मिळत होता म्हणून पंचांगानेही रविवार मान्य केला. सकाळी उठून बघतो तो बाहेर पांढरं शुभ्र. एप्रिलात बर्फ! माणसं कोट-मफलर घालून गुढीखाली उभी होती आणि कडुलिंबाच्या पानाऐवजी सगळ्यांना खोकल्याचं औषध द्यावं असं माझ्यातल्या डॉक्टरला वाटत होतं.

रोपं मी गाडीच्या हीटरसमोर ठेवून चार खेपांत नेली. माझं भाषण पंचवीस मिनिटं झालं, खुब्यांचा उल्लेख फक्त दोनदा. तुझ्या आईंबद्दल बोललो. अंगणातला तेरडा, पोस्टाने येणारी पुडी, त्यांचं ते वाकडं अक्षर. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मीही मध्येच पाणी प्यायलो. त्या होत्या तेव्हा मी त्यांच्याशी धड दहा वाक्यं बोललो नव्हतो.

रोपांवर लोकांच्या उड्या पडल्या. नीनाला द्यावंच लागलं, ती रांगेत पहिली होती. हातात घेऊन म्हणाली, ‘अगदी आमच्याकडचाच. पानं बघूनच ओळखलं मी.’ रोपं आता माझ्या कोपराएवढी झाली आहेत आणि कालपासून फुलायला लागली. चार-चार पाकळ्यांची बारीक फुलं, पिवळीजर्द. खिडकी नुसती पिवळी झाली आहे. तू आपल्याकडे गुलाबी तेरडा लावायचीस असं मला अंधूक आठवतं, पण माझं बागेकडे कधी लक्ष नव्हतं, त्यामुळे खात्री नाही. भाजलेल्या मातीने रंग बदलत असेल का?

श्रीकांत

ब्रिस्टल,
१० एप्रिल २००८

अहो,

मघाशी फोनवर मी काय ओरडले ते तुम्हाला कळलं की नाही, देव जाणे. तुम्ही ‘कोण बोलतंय’ एवढंच विचारत होतात. म्हणून आता नीट लिहिते.

तुम्ही पेरलीत ती मोहरी आहे. तेरड्याला आयुष्यात पिवळं फूल येत नाही. आणि मोहरी जर ट्रेमध्ये गेली, तर मग मिसळणाच्या डब्यात तुम्ही काय भरलंत? दीड महिना काय फोडणीला घालत होतात? तडतडेल कशी ती. माझ्या आईची शेवटची पुडी तुम्ही वरणात घालून खाल्लीत.

लेबल लावलं नाही ही माझी चूक, कबूल. घरात दोन डबे आहेत हे मला माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत असणार असं धरून चालले. पण जो माणूस चार्ट लावून रोपांचं टेंपरेचर घेतो, त्याने मोहरी कधी नीट बघितलीच नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पन्नास वर्षं रोज पानात मोहरी पडते आहे तुमच्या.

आणि ते तुळशीतलं तण. पाणीदार, तांबूस देठ. हे तुम्ही सोळा मार्चलाच लिहिलं होतं, आणि मी नीनावर चिडत बसले. सांडलेल्या बियांतून आलेला तेरडा होता तो. तो तुम्ही रोज सकाळी उपटून टाकत होतात, आणि कुंडी स्वच्छ ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं.

फोडणी बंद करा. मिसळणाच्या डब्यात काय उरलंय ते बघा. कुंडीला हात लावू नका.

माझ्या ओरडण्याने कस्तुरी उठली, वरदा उठली, शेजारच्या बाई काय झालं विचारायला दारात आल्या. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. या घरात रडायलाही आवाज नको.

श्यामला

एजवेअर,
१७ एप्रिल २००८

प्रिय श्यामला,

फोनवर तू ‘हात लावू नका’ म्हणालीस एवढं कळलं होतं. कशाला ते कळलं नाही, म्हणून पत्र येईपर्यंत दोन दिवस मी घरात कशालाच हात लावला नाही. पावावर राहिलो. तुळशीला पाणीही घातलं नाही.

पत्र वाचून मिसळणाचा डबा उघडला. मोहरीची वाटी रिकामी होती. शेवटची चिमूट त्या आधीच्या बुधवारी आमटीत गेली. दुसरा आईस्क्रीमचा डबा उलटा करून टेबलावर आपटला, काही पडलं नाही. व्हॅक्यूमची पिशवी बागेत पेपरवर उपडी केली आणि भिंग घेऊन बसलो. त्यात तुझी केसातली पिन सापडली, आणि एक खुब्याचा स्क्रू, तो इथे कसा आला माहीत नाही. बी एकही नाही.

मग कुंडी पाहिली. भीत भीतच पाहिली. मातीवर काही नव्हतं, मी राउंड नीट घेत होतो ना. पण तुळशीच्या खोडामागे, काचेच्या बाजूला, जिथे माझं बोट पोचत नव्हतं तिथे एक आहे. वीतभर उंच, देठ तांबूस, पानांना कातरलेली कड. खोडाला चिकटून उभं आहे. ते मी उपटलं नाही कारण मला ते दिसलं नाही. एवढंच काय ते माझं कर्तृत्व.

मी खुर्ची ओढून तिथेच बसलो, श्यामला.

दुसरं. मंडळाला खरं सांगायला हवं म्हणून काल कमिटीच्या मीटिंगला गेलो. उभा राहून म्हणालो, मी दिलेली रोपं तेरड्याची नाहीत, मोहरीची आहेत, माझी चूक झाली, माफ करा. हॉस्पिटलात मला असं वाक्य कधी बोलावं लागलं नाही, म्हणजे मी बोललो नाही. मग नीना म्हणाली, ‘डॉक्टर, तुमचं वय झालं. रत्नागिरीला पिवळाच असतो.’ आणखी दोघी म्हणाल्या, राजापूरलाही पिवळाच. एकाने पिवळ्या फुलांचे फोटो त्याच्या भावाला नागपूरला ईमेल केले होते, तोही तेरडाच म्हणाला होता. हरीशने विषय मतदानाला टाकला. नऊ विरुद्ध एक मताने तो तेरडा ठरला. इतिवृत्तात नोंद आहे. विरुद्ध मत माझं.

श्रीकांत

ब्रिस्टल,
२० एप्रिल २००८

अहो,

‘खोडामागे एक आहे’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. वरदाला वाचून दाखवलं तर ती कस्तुरीला कडेवर घेऊन मोठ्याने हसली. चांगलं खदखदून. कस्तुरी उठली नाही, उलट जास्तच गाढ झोपली. पुष्करने दारावरचा तक्ता काढून टाकलाय आणि काल त्याने घरात चपला घातल्या.

मंडळाने ठरवलं आहे तर असू दे. तुम्ही सांगून मोकळे झालात, तुमच्याकडून एवढीही अपेक्षा नव्हती. जूनमध्येच नीनाच्या तेरड्याला शेंगा लागतील, तेव्हा तिला सांगा की झाडून ठेव, वर्षभराची फोडणी निघेल. तिच्या फोडणीत तडतडेल.

आता माझं ऐका. एकच असलं तरी तेरडा आहे तो. बहरला की एकाच झाडाला इतकी बोंडं धरतात की आपणच दमून जाऊ. हात लावला की फुटतात आणि बी चहूकडे उडतं, म्हणून ती मी काढेन. तुम्ही फक्त वाटी धरून उभे राहा. या वर्षी गौर एकच येईल आणि तिला उपटायचं नाही, कुंडीसकट पाटावर बसवायचं. तुमच्या घरच्या रीतीला चालत नसेल तर रीतीने मला पत्र लिहावं.

तोवर कुंडी जागची हलवू नका. राउंड घेऊ नका. चार्ट लावू नका. पाणी रोज पळीभर, ते देवाला घालता त्या पळीने. भाषण करायचं असेल तर तिच्यासमोर करा, आईला ती दहाच वाक्यं ऐकायला मिळाली होती, उरलेली आता सांगा.

येत्या रविवारी पुष्कर मला गाडीने आणून सोडतो आहे. वरदा आणि कस्तुरीही येणार आहेत. जिना मोकळा करून ठेवा, आम्ही चौघं एका अंगाने चढणार नाही. मोहरी मी येताना घेऊन येते. वरण लावून ठेवा. फोडणी मात्र मी आल्यावरच घालेन.

तुमची,
श्यामला